भुकेची हुर्यो: सुगीचे सण नेमके कशाबद्दल असतात?

घाना देशाची राजधानी अक्रा हे मूळचं गा लोकांचं गाव. त्यांच्या सर्वांत मोठ्या सणाचं नाव होमोवो. गा भाषेत 'होमो' म्हणजे भूक आणि 'वो' म्हणजे टर उडवणं. मराठीत हे नाव आणायचं तर 'भुकेची हुर्यो' असंच म्हणावं लागेल. गा लोक सांगतात, आपले पूर्वज फिरत फिरत या किनाऱ्यावर आले तेव्हा पावसाने दगा दिला, धान्य संपलं, माणसं उपासमारीने गेली. जे तगले त्यांनी पुन्हा पेरणी केली. पीक आलं, पहिल्यांदा पोटभर जेवण झालं, आणि सगळ्यांनी मिळून भुकेची हुर्यो उडवली.

सुगीचा सण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भरलेली कणगी, दारातली रांगोळी, गोडाधोडाचं ताट येतं. पण कणगी भरण्याआधीचे दोन महिने घरात कसे गेले, हे लक्षात घेतल्याशिवाय जगातल्या या सणांच्या रीती नीट उलगडत नाहीत. माझं तर स्पष्ट मत आहे, की हे सण आधी भुकेचे आहेत आणि मग धान्याचे. होमोवोमध्ये ते उघड दिसतं, म्हणून सुरुवात तिथूनच.

मे महिन्याच्या सुमारास गा पुजारी बाजरीची प्रतीकात्मक पेरणी करतात. त्यानंतर साधारण महिनाभर अक्रात ढोल वाजवायला बंदी असते. पीक वाढत असताना देवांना शांतता हवी, अशी श्रद्धा. एवढ्या मोठ्या शहरात हे पाळणं सोपं नाही. चर्चमधली भजनं आणि लाउडस्पीकर यांवरून वादही झाले आहेत, त्यामुळे आता शहराचं प्रशासनच दरवर्षी बंदीच्या तारखा जाहीर करतं. गप्प बसून वाट पाहायची, आणि मग एक दिवस ढोल मोकळे होतात.

सणाच्या दिवशी घरोघरी 'क्पोक्पोई' शिजतं. मक्याचं पीठ आंबवून वाफवायचं आणि त्यात पामचं तेल कालवायचं. सोबत पामच्या फळांचं, मासे घातलेलं सार. गा राजा आणि त्या त्या भागाचे प्रमुख रस्त्यांतून चालत जातात आणि हातातल्या भांड्यातलं क्पोक्पोई मुठी-मुठीने जमिनीवर टाकत जातात. हा घास पूर्वजांचा. जे भुकेने गेले त्यांनाही तो मिळावा. मग घरी एकाच भांड्यात थोरामोठ्यांचे आणि लहानांचे हात एकत्र पडतात, त्या दिवशी मान-मरातब बाजूला. दुसऱ्या दिवशी पहाटे वर्षभरात गेलेल्या माणसांसाठी रडून घेतात, आणि त्यानंतर एकमेकांच्या घरी जाऊन शुभेच्छा देतात, जुनी भांडणं मिटवतात. आधी रडणं, मग भेटणं. हा क्रम मला फार खरा वाटतो.

आता यातला मका बघा. मका आफ्रिकेचा नव्हेच. तो अमेरिका खंडातला, कोलंबसानंतर जहाजांतून जगभर गेला. पुजारी पेरतात ती बाजरी जुनी, आणि लोक खातात तो मका नवा. आपल्या उपवासाच्या ताटात साबुदाणा आणि बटाटा बसले तसंच हे. हा मका पुढे पुन्हा भेटणार आहे.

शेतकऱ्याच्या घरात धान्य सर्वांत कमी कधी असतं? पीक काढायच्या अगदी तोंडावर. गेल्या वर्षीचा साठा तळाला गेलेला, त्यातलं निवडक धान्य बियाणं म्हणून मातीत गेलेलं, बाजारात भाव चढलेले. आणि नेमकी याच दिवसांत निंदणी-खुरपणीची मरमर. शेत हिरवंगार दिसतं आणि घरात डबे वाजतात. कोरियन भाषेत या दिवसांना 'बोरित्कोगे' असा शब्द आहे, म्हणजे जवाचा घाट. शरद ऋतूतला भात वसंतात संपायचा आणि जव पिकायला जून उजाडायचा. मधले आठवडे म्हणजे डोंगर चढण्यासारखे. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत कोरियातल्या गरीब घरांना हा घाट दरवर्षी चढावा लागत होता.

आपल्याकडे हा घाट पावसाळ्यात येतो. कोकणातली घरं त्यासाठीच आगोटीचं सामान भरून ठेवत. आदिवासी पाड्यांवर आषाढ-श्रावणात मजुरीही नसते आणि धान्यही नसतं, म्हणून महाराष्ट्र शासनाला 'खावटी कर्ज' नावाची योजना आणावी लागली. खावटी म्हणजे खाण्यापुरतं. सरकारी कागदावर आलेल्या या एका शब्दात त्या महिन्यांचं सगळं वर्णन आहे. वारली घरांत कणसरीला, धान्याच्या देवीला, एवढा मान का, हे हा शब्द ऐकल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

भुकेच्या या दिवसांतूनच एक नियम निघाला आहे आणि तो जगात जागोजागी सापडतो: पहिला घास देवाला किंवा पूर्वजांना दिल्याशिवाय नवं धान्य तोंडात घालायचं नाही.

आग्नेय नायजेरियातले इग्बो लोक हा नियम काटेकोर पाळत आले आहेत. त्यांचं मुख्य पीक याम, म्हणजे आपल्या कोनफळाचा भाऊबंद, पण हाताएवढा लांब आणि वजनदार कंद. 'इरी जी' म्हणजे याम खाणं, हेच सणाचं नाव. साधारण ऑगस्टपासून गावोगावी तो होतो. त्याआधी जुने याम संपवायचे. मग गावचा राजा किंवा सर्वांत वडील माणूस नवा याम अर्पण करतो, भाजलेला पहिला तुकडा स्वतः खातो, आणि त्यानंतर गावाला मोकळीक.

पोटात कावळे ओरडत असताना समोर पीक उभं आहे आणि तरी हात लावायचा नाही, हे क्रूर वाटू शकतं. पण कंद जमिनीखाली असतो, तो तयार झाला की नाही वरून कळत नाही. एकाने घाईने उकरला की शेजारीही उकरणार, आणि सगळ्या गावाचं अर्धंकच्चं पीक पोटात जाऊन पुढचे सहा महिने उपाशी जाणार. अनुभवी माणसाने आधी पाहायचं, चाखायचं आणि मग सगळ्यांनी एकाच दिवशी सुरुवात करायची. देवाचा नैवेद्य ही या नियमाची श्रद्धेची बाजू झाली. शिस्तीची बाजूही तितकीच भक्कम आहे, असं मला वाटतं.

पश्चिम ओडिशात याच नियमाचा सण आहे, नुआखाई. नुआ म्हणजे नवं, खाई म्हणजे खाणं. भाद्रपद शुद्ध पंचमीला संबलपूरच्या समलेश्वरी देवीला नव्या तांदळाचा नैवेद्य होतो आणि मग घरोघरी वडीलधारी माणसं सगळ्यांच्या हातावर नवं अन्न ठेवतात. तिथी ओळखीची वाटली ना? आपली ऋषिपंचमी. ओडिशात त्या दिवशी नांगरलेल्या शेतातलं पहिलं भात खातात आणि महाराष्ट्रातल्या बायका त्याच दिवशी बैलाच्या कष्टाचं काहीही न खाता ऋषीची भाजी करतात. गोव्यात पुन्हा हीच नव्याची पंचम. शेतातून भाताची कणसं वाजतगाजत आणायची, गणपतीसमोर ठेवायची, दाराला बांधायची. गोव्यातल्या ख्रिस्ती गावांत हेच कणसांचं फेस्त म्हणून ऑगस्टात होतं. पाद्री शेतात जाऊन विळ्याने पहिली कणसं कापतो, त्यांना आशीर्वाद देतो आणि ती चर्चमध्ये नेतात. राय गावचं फेस्त ५ ऑगस्टचं, ते पहिल्यांपैकी. धर्म बदलला, पण भात तेच राहिलं आणि त्याची वेळही तीच राहिली.

इतक्या लवकर भात कुठून येतं, असा प्रश्न घाटावरच्या वाचकाला पडेल. उत्तर हळव्या भातात आहे. हळवं, निमगरवं आणि गरवं असे भाताचे प्रकार कोकणातला शेतकरी जाणतो. हळवं लवकर पिकतं, उतारा कमी देतं, पण भाद्रपदात घरात येतं. म्हणजे भुकेच्या महिन्यांना मधूनच तोडणारं हे भात. गरवं यायला दसरा-दिवाळी उजाडते. अश्विनातल्या नव्याच्या पुनवेला कोकणात भात, नाचणी, वरीच्या लोंब्या, आंब्याची पानं आणि कुरडूची फुलं एकत्र बांधून 'नवं' दाराला लावतात, ते या मोठ्या पिकाचं.

कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंच्या पंचांगातही हे 'नवं' शिरलं. शनवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणून रायगडच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला, घरात मराठी बोलणारा हा समाज. ज्यूंचं नववर्ष तिश्री महिन्याच्या पहिल्या तारखेला येतं, त्याला ते 'नव्याचा सण' म्हणत. तिश्रीच्या चौथ्या दिवशी नव्या धान्याची नारळ घालून खीर करत, तो 'खिरीचा सण'. सण हिब्रू महिन्यातला आणि वाटीतली खीर कोकणच्या खाचरातली.

आता तारखांकडे वळतो, कारण हा भाग अनेकांना गोंधळात टाकतो आणि मला स्वतःला सर्वांत आवडतो.

६ ऑक्टोबर २०२५ ची संध्याकाळ आठवा. महाराष्ट्रात कोजागरी होती, गच्चीवर दूध आटत होतं. त्याच दिवशी कोरियात चुसॉक हा सुगीचा सण होता आणि चीनमध्ये शरद ऋतूतला चंद्रोत्सव. त्याच दिवशी सूर्य मावळताना ज्यूंचा सुकोत सुरू झाला. चारही समाजांनी एकमेकांना विचारून काही ठरवलेलं नाही. चारही सणांचा दिवस पौर्णिमेचा आणि ऋतू शरद, एवढंच.

पौर्णिमाच का? एक कारण उजेडाचं. एरवी चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. पण शरद ऋतूत, दिवस-रात्र सारखे होतात त्या सुमाराच्या पौर्णिमेला, उत्तरेकडच्या देशांत हा उशीर बराच कमी होतो. युरोपात तो अर्ध्या तासाच्याही आत येतो. म्हणजे सलग चार-पाच संध्याकाळी सूर्य मावळताच चंद्र हजर. वीज नसलेल्या काळात कापणीची घाई असताना हा फुकटचा दिवा होता. तिकडे त्या चंद्राला 'हार्वेस्ट मून', म्हणजे सुगीचा चंद्र, हे नाव त्यावरूनच पडलं.

पण चंद्रावर विसंबलं की एक अडचण येते. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात आणि ऋतू फिरून यायला ३६५ दिवस लागतात. दरवर्षी ११ दिवसांची तूट. तशीच सोडली तर सुगीचा सण काही वर्षांत पेरणीच्या दिवसांत जाईल. म्हणून जास्तीचा महिना घालायचा. आपण साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक मास घालतो, ज्यू १९ वर्षांत ७ वेळा, आणि चिनी-कोरियन पद्धतीतही तसंच. फक्त प्रत्येकाचा जास्तीचा महिना वेगवेगळ्या जागी पडतो. २०२५ मध्ये कोरियात सहावा महिना दोनदा आला, म्हणून चुसॉक ऑक्टोबरपर्यंत सरकला आणि कोजागरीला येऊन भिडला. त्याच्या आदल्या वर्षी, २०२४ मध्ये, तो १७ सप्टेंबरला होता. आपल्याकडे त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती विसर्जनाला निघाले होते. २०१४ मध्ये कोरियाचा जास्तीचा महिना चुसॉकनंतर आला आणि सण ८ सप्टेंबरलाच पडला. मुख्य भात तेव्हा शेतात हिरवं होतं. मग काय करतात? लवकर पिकणारं भात वापरतात. म्हणजे कोरियाचंही हळवं भात आहे आणि त्याच्या पिठाच्या सोंगप्यॉनला, म्हणजे चुसॉकच्या वाफवलेल्या करंजीला, वेगळं नावसुद्धा आहे.

मुस्लिम पंचांगात अधिक महिना घालत नाहीत. त्यामुळे रमजान-ईद सगळ्या ऋतूंतून फिरतात, आणि शेताच्या कामाला ते पंचांग चालत नाही. शेतसारा तर पीक आल्यावरच मागावा लागतो. यावर उपाय म्हणून मोगल काळात सूर्याशी बांधलेला फसली सन सुरू झाला. फसल म्हणजे पीक. आपल्याकडच्या जुन्या महसुली कागदांत 'फसली' दिसतो तो हाच. पिकाने सरकारला पंचांग बदलायला लावल्याचं इतकं उघड उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

चुसॉकबद्दल जरा सविस्तर, कारण मराठी माणसाला तो पटकन आपला वाटेल. आपला पितृपंधरवडा आणि दिवाळीला गावी जाणारी गर्दी एकत्र केली तर जे होईल तो चुसॉक. तीन दिवस सुट्टी असते, सोलमधून बाहेर पडणारे महामार्ग तुंबतात. सणाच्या काही आठवडे आधी घरातली माणसं विळे आणि हल्ली गवत कापायची यंत्रं घेऊन डोंगरउतारावरच्या पूर्वजांच्या थडग्यांवर जातात. कोरियन थडगं म्हणजे मातीचा गोल उंचवटा, त्यावर पावसाळ्यात गवत माजतं. ते कापून साफ करणं म्हणजे 'बोल्चो'. ते राहिलं तर चारचौघांत नाव जातं. सणाच्या सकाळी नवा भात, नव्या तांदळाची दारू, फळं मांडून पूर्वजांना नैवेद्य, त्याला 'चार्ये' म्हणतात.

आणि आदल्या रात्री घरातले सगळे मिळून सोंगप्यॉन करतात. तांदळाच्या उकडीची पारी, आत तीळ, चेस्टनट किंवा गोड केलेली डाळ, आणि आकार अर्ध्या चंद्राचा. करंजीच, फक्त वाफवलेली. खाली पाइनच्या सुईसारख्या पानांचा थर घालतात, त्याचा वास उकडीत उतरतो आणि पानांचे ठसे उठतात. 'सोंग' म्हणजे पाइन. हळदीच्या पानावर पातोळ्या उकडणाऱ्या बाईला हे समजावून सांगायची गरज पडणार नाही. ज्या मुलीला सुबक सोंगप्यॉन जमते तिला नवरा चांगला मिळतो, असंही तिकडच्या आज्या म्हणतात. चुसॉकचं जुनं नाव हंगावी, आणि त्यावर म्हण आहे: जास्त नको, कमी नको, रोज हंगावीसारखं असू दे. जवाचा घाट माहीत असला की या म्हणीतलं मागणं किती साधं आणि किती मोठं आहे ते कळतं.

काही देशांत मात्र आभाराचा दिवस शेतातून उठून सरकारी राजपत्रात गेला. जपानमध्ये २३ नोव्हेंबरला 'किन्‌रो कान्शा नो हि' म्हणजे श्रमांचे आभार मानण्याचा दिवस असतो. शाळेतली मुलं पोलिसांना, अग्निशमन दलाच्या जवानांना हाताने केलेली कार्डं देतात. पण तारीख जुनी आहे. या दिवशी 'नीनामे-साई' असायचा. सम्राट नवा तांदूळ देवांना अर्पण करणार आणि मग स्वतः खाणार. पहिल्या घासाचा तोच नियम, देशाच्या पातळीवर. १८७३ मध्ये जपानने युरोपीय दिनदर्शिका घेतली, त्या वर्षी हा विधी २३ नोव्हेंबरला पडला आणि पुढे तीच तारीख कायम झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी अंमलाखाली धर्म आणि राज्य वेगळे करायचं ठरलं, तेव्हा १९४८ च्या कायद्याने तारीख ठेवून नाव बदललं. राजवाड्यातला विधी आजही त्याच रात्री होतो, खासगी म्हणून. नवा सम्राट गादीवर आल्यावर पहिल्यांदा हा विधी करतो तेव्हा तो मोठा असतो. २०१९ मध्ये त्यासाठीचा तांदूळ कोणत्या प्रांतांतला घ्यायचा हे कासवाच्या कवचावरून कौल लावून ठरवलं गेलं.

अमेरिकेचा थँक्सगिव्हिंग सगळ्यांना माहीत आहे, पण त्याची कथा बहुतेक वेळा अर्धी सांगतात. १६२० च्या अखेरीस मेफ्लॉवर जहाजातून १०२ प्रवासी आले आणि प्लिमथला वस्ती केली. वसंत येईपर्यंत जवळपास निम्मे मेले होते. त्यांनी जिथे घरं बांधली ती जागा ओसाड नव्हती. ते पटक्सेट नावाचं, वाम्पनोआग या मूळ अमेरिकी लोकांचं गाव होतं. युरोपीय खलाशांबरोबर आलेल्या साथीने ते काही वर्षांपूर्वीच मोकळं झालं होतं. त्या गावचा टिस्क्वान्टम हा माणूस १६१४ मध्ये पळवून नेला गेला होता. स्पेन, इंग्लंड असं करत तो १६१९ मध्ये परतला तेव्हा गावात कोणी उरलं नव्हतं. त्याच टिस्क्वान्टमने या नवख्या इंग्रजांना मका लावायला शिकवलं. प्रत्येक खड्ड्यात खत म्हणून मासे घालायचे आणि त्यावर बी. आपल्या गेलेल्या माणसांच्या शेतात, गावावर येऊन बसलेल्या परक्यांना, तो पेरणी शिकवत होता. त्याच्या मनात काय चाललं असेल, हा विचार मला नेहमी अडवतो.

१६२१ च्या शरदात तो मका आला आणि तीन दिवस जेवणं झाली. मासासोइट हा वाम्पनोआग प्रमुख सुमारे ९० माणसांसह आला, त्याच्या माणसांनी पाच हरणं मारून आणली. एवढं त्या वस्तीतल्या एडवर्ड विन्स्लो याच्या पत्रात आहे. त्या इंग्रजांनी याला 'थँक्सगिव्हिंग' म्हटलं नव्हतं. त्यांच्या धर्मात आभाराचा दिवस म्हणजे चर्चमध्ये प्रार्थनेचा दिवस. तसा दिवस त्यांनी १६२३ मध्ये पाळला, आणि तो पावसासाठी. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून पाऊस नव्हता, मका करपत होता, सगळ्यांनी उपवास करून प्रार्थना केली आणि पाऊस आला. वरुणराजाकडे डोळे लावून बसलेल्या आपल्या शेतकऱ्याला हा थँक्सगिव्हिंग जास्त जवळचा वाटेल.

पुढे दोनशे वर्षं वेगवेगळ्या राज्यांत वेगवेगळे दिवस होते. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८९ मध्ये एकदा राष्ट्रीय दिवस जाहीर केला होता. सारा जोसेफा हेल या संपादिकेने कायमच्या राष्ट्रीय दिवसासाठी अनेक वर्षं चिकाटीने लेख आणि पत्रं लिहिली, आणि शेवटी १८६३ मध्ये, यादवी युद्ध पेटलेलं असताना, अब्राहम लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. भूक विसरली गेली होती, आता दुभंगलेला देश एका ताटावर आणायचा होता. १९३९ मध्ये शेवटचा गुरुवार ३० तारखेला आला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी नाताळच्या खरेदीला दिवस मिळावेत म्हणून सण आठवडाभर अलीकडे घेतला. काही राज्यांनी ऐकलं, काहींनी नाही, आणि काही वर्षं देशात दोन-दोन थँक्सगिव्हिंग झाले. १९४१ च्या कायद्याने चौथा गुरुवार पक्का केला.

वाम्पनोआग लोकांसाठी या कथेचा शेवट वेगळा आहे. मासासोइटचा मुलगा मेटाकॉम याने १६७५ मध्ये इंग्रजांविरुद्ध युद्ध पुकारलं. पुढच्या वर्षी तो मारला गेला आणि त्याचं डोकं प्लिमथमध्ये खांबावर लावलं गेलं. १९७० पासून मूळ अमेरिकी लोक थँक्सगिव्हिंगच्या दिवशी प्लिमथच्या कोल्स हिलवर जमून राष्ट्रीय शोकदिन पाळतात. ज्याने पेरायला शिकवलं त्याच्या लोकांच्या वंशजांना आभाराच्या दिवशी शोक करावा लागतो. हे सांगितल्याशिवाय या सणाबद्दल लिहिणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही.

कॅनडात हाच सण ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतो, १९५७ पासून. तो देश आणखी उत्तरेला, थंडी लवकर येते, पीक त्याआधी घरात यायला हवं. उलट दक्षिण गोलार्धातल्या नॉरफॉक बेटावर अमेरिकी जहाजांबरोबर हा सण पोचला आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या बुधवारी चिकटला. तिथे तेव्हा वसंत असतो. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या मॉरवेनस्टो गावातल्या रॉबर्ट हॉकर या पाद्र्याने १८४३ मध्ये चर्चमध्ये सुगीची प्रार्थना ठेवली, त्यावरून ती पद्धत पसरली. हल्ली तिथल्या शाळांतली मुलं त्या दिवशी गरजूंसाठी डबाबंद अन्न गोळा करतात. जर्मनीत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये धान्याच्या लोंब्यांचा मुकुट करतात. हे छान आहे, पण पोटातली भीती त्यातून बरीचशी निघून गेली आहे, आणि ती निघून गेली हे चांगलंच झालं.

सुकोतचं वर फक्त नाव घेतलं. इस्राएलच्या भागात पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा. द्राक्षं, अंजिरं, डाळिंबं पदरात पडली की सुकोत येतो. सात दिवस घराबाहेर किंवा गच्चीत उभारलेल्या झोपडीत जेवायचं. छप्पर जमिनीतून उगवलेल्या फांद्या-पानांचंच हवं, आणि इतकं विरळ की रात्री तारे दिसावेत. पक्कं घर असताना आठवडाभर कच्च्या छपराखाली बसायचं. आणि आठव्या दिवशी पावसाची प्रार्थना सुरू होते. गेल्या पिकाचे आभार आणि पुढच्या पावसाची काळजी एकाच आठवड्यात.

ही झोपडी मला परकी वाटत नाही. माझं आजोळ लातूरकडचं. मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येला, आमच्या तोंडी येळवस, लातूर शहरात चिटपाखरू नसतं. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात आणि सगळे शेतात जातात. ज्याचं शेत नाही त्याला शेजारी बोलावतो. शेतात कडब्याची कोप उभी केलेली असते. आत पाच दगड चुना लावून मांडलेले, ते पांडव. आजी नव्या मडक्यातून आंबील वाढायची, ताक आणि ज्वारीच्या पिठाची, आंबटगार. मोठ्या पातेल्यात भज्जी, म्हणजे त्या दिवसांत रानात जी जी भाजी, शेंग, दाणा मिळेल ते सगळं चिंचेच्या कोळात आणि बेसनात रटरटलेलं. सोबत बाजरीचे उंडे. कोपीत दूध तापवतात आणि ते कोणत्या दिशेने उतू गेलं यावरून पुढच्या वर्षीचा पाऊस बघतात. मग आंबिलीचं मडकं घेऊन कुणीतरी पिकाभोवती शिंपडत फिरतं. अक्राच्या रस्त्यावर मुठीने पडणारं क्पोक्पोई मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते मडकं आठवलं.

दिवस कलला की गवताची पेंढी पेटवून एक गडी शेताला वळसा घालतो आणि पोरं ओरडत त्याच्यामागे धावतात. आजोबा बांधावर उभे राहून एखादं कणीस हातात घ्यायचे, नखाने दाणा दाबून बघायचे. दाणा अजून दुधात असायचा. काढणीला निदान दोन महिने बाकी, आणि तेवढ्यात गारपीट येते की काय याची चिंता. ते कणीस न तोडता तसंच सोडून द्यायचे आणि भांडी गाडीत भरायला लागायचे.